लग्न, लगीन, लगन

वरठीत घरोघरी येणाऱ्या लग्नपत्रिका एका ओळीत मांडल्या तर एक गंमत दिसते. मथळ्यावर 'शुभविवाह' असतो, नाहीतर 'मंगल परिणय'. मधे 'विवाह मुहूर्त', खाली 'विवाहस्थळ', मग निमंत्रकांच्या नावांची रांग. 'लग्न' हा शब्द मात्र शोधावा लागतो आणि सापडतो तो अगदी तळाशी, बालगोपाळांच्या तोंडी घातलेल्या ओळीत: आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं! म्हणजे मोठी माणसे विवाह करतात, परिणय करतात. लग्न तेवढे पोरांच्या वाट्याला ठेवलेले. आणि हीच पत्रिका द्यायला आलेला मुलीचा बाप उंबऱ्यात उभा राहून म्हणतो, "पोरीचं लगन हाये, सारे जन या." हातातल्या कागदावरचा एकही भारदस्त शब्द त्याच्या बोलण्यात येत नाही.

हा छोटा संग्रह अशा बोलण्यातल्या शब्दांचा आहे. वरठी, मोहाडी, तुमसर, भंडारा या टापूत लग्नघरात जे शब्द ऐकू येतात ते पुढच्या पानांवर अर्थासह दिले आहेत. बहुतेकांना चार-सहा ओळी पुरतात. सोयरीक, आंदन, करवली, रुखवत हे शब्द आपली गोष्ट थोडक्यात सांगून मोकळे होतात. एकाच शब्दाला तेवढी जागा पुरेना, म्हणून तो प्रस्तावनेत आणला. तो शब्द 'लग्न' हाच. रोजचा आहे म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पाहिले तर तो लग्नाविषयी सुरुवातीला काहीच सांगत नाही. तो आकाशाविषयी सांगतो.

संस्कृतात 'लग्' म्हणजे चिकटणे, टेकणे, भिडणे. त्यापासून 'लग्न' म्हणजे टेकलेले. काय टेकलेले? पूर्व क्षितिजाला टेकलेली रास. पृथ्वी फिरते, तशा बारा राशी चोवीस तासांत एकामागून एक पूर्वेकडून वर येतात. एखाद्या क्षणी जी रास क्षितिजावर उगवत असते ती त्या क्षणाचे लग्न. जन्माच्या वेळचे ते जन्मलग्न, आणि वधूवरांच्या मधला अंतरपाट खाली येतो त्या वेळचे ते विवाहलग्न. पुढे 'विवाह' गळाला आणि नुसते 'लग्न' राहिले. घटकेचे नाव सोहळ्याला चिकटले, सोहळ्याचे नात्याला. आज कोणी म्हणते, "त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली," तेव्हा दोनेक तासांत संपणाऱ्या एका खगोलीय गोष्टीला आपण चाळीस वर्षे पुरवलेली असतात.

फार पूर्वी लग्नाला लग्न म्हणत नसत, कारण लग्न पाहून लग्ने होतच नव्हती. 'विवाह' म्हणजे वाहून नेणे, वधूला घरी घेऊन जाणे. 'पाणिग्रहण' म्हणजे हात धरणे. 'परिणय' म्हणजे अग्नीभोवती फिरवून नेणे. हे सगळे शब्द हातापायांचे आहेत, माणसे काय करतात ते सांगणारे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या सूर्यासूक्तात वधूच्या पाठवणीचा काळ येतो तोही नक्षत्रांच्या नावांनी. गृह्यसूत्रांतही उत्तरायण, शुक्ल पक्ष, चांगले नक्षत्र इतके पाहिले की भागे. उगवती रास मोजून तिच्यावर भविष्य बसवण्याची पद्धत इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीकांकडून आली. ज्योतिषातली 'होरा', 'केंद्र' ही नावे ग्रीकच. त्यातले आपल्या विषयाशी थेट नाते असलेले नाव म्हणजे 'जामित्र'. कुंडलीतले सातवे स्थान, लग्नाच्या बरोबर समोरचे, जोडीदाराचे. ग्रीकांच्या 'डायामेट्रॉस'चे हे संस्कृत रूप. कालिदासाने कुमारसंभवाच्या सातव्या सर्गाच्या आरंभीच, पार्वतीच्या लग्नाची तिथी सांगताना, जामित्र शुद्ध असल्याचा उल्लेख केला आहे. शंकर-पार्वतीचे लग्नही ग्रीक शब्द वापरून ठरले, हे ऐकल्यावर 'आपली परंपरा' हा शब्द जरा जपून वापरावासा वाटतो.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिरापासून पुढे मुहूर्तावर ग्रंथ होत राहिले. त्यांतला देशभर सर्वांत जास्त चाललेला 'मुहूर्तचिंतामणि' रामदैवज्ञाने काशीत शके १५२२ मध्ये, म्हणजे इ. स. १६०० मध्ये लिहिला. त्याचे घराणे मूळ विदर्भातले. आपल्याकडच्या लोकांना काशीच्या शास्त्र्यांचा मुहूर्त फार मोठा वाटतो, तेव्हा एवढे लक्षात असलेले बरे.

लग्न म्हणजे घटिका, तर ती मोजायची कशी? तांब्याची एक पातळ वाटी, बुडाला सुईच्या टोकाएवढे भोक, हेच घटिकापात्र. सूर्योदयाला ती पाण्याने भरलेल्या गंगाळात तरंगत सोडायची. खालून पाणी झिरपत झिरपत वर चढते, वाटी हळूहळू जड होते, काठ पाण्याच्या पातळीला येतो, एक क्षण थांबल्यासारखी वाटते आणि 'डुब्' करून खाली जाते. ती बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे चोवीस मिनिटे. बसलेला माणूस भिंतीवर कुंकवाची रेघ ओढतो, वाटी उपसून पुन्हा सोडतो. दिवसरात्रीच्या साठ घटिका आणि बारा राशी, तेव्हा एका लग्नाच्या वाट्याला सरासरी पाच घटिका, दोन तास येतात. प्रत्यक्षात सगळ्या राशी सारख्या चालीने उगवत नाहीत. आपल्या अक्षांशावर काही दीड तासाच्या थोड्या वर आटोपतात, काही सव्वादोन तास रेंगाळतात. मग पत्रिकेवर ११ वाजून ३५ मिनिटे असा नेमका आकडा कुठून येतो? तर लग्नाचे पुन्हा नऊ तुकडे करतात, ते नवमांश. एक नवमांश साधारण तेरा मिनिटांचा. त्यातला बरा निवडून गुरुजी आकडा देतात. मंगलाष्टकांच्या प्रत्येक कडव्याअखेर 'सावधान' म्हणतात ते या तेरा मिनिटांसाठी. समर्थ रामदास हा शब्द ऐकून बोहल्यावरून पळाले अशी कथा आहे. खरे तर तो इशारा नवऱ्यामुलाइतकाच घटिकापात्राशी बसलेल्या माणसालाही असतो.

आता इथे वरठीचा संबंध येतो, आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत मजेचा भाग वाटतो. क्षितिज प्रत्येक गावाचे वेगळे असते. म्हणून लग्नही गावाचे असते. पूर्वेकडच्या गावात रास आधी उगवते, पश्चिमेकडच्या गावात नंतर. एका रेखांशाला चार मिनिटे. वरठी साधारण ७९.६ अंशांवर, मुंबई ७२.८ वर. म्हणजे मुंबईत जे लग्न दुपारी बारा वाजता लागू होते ते वरठीच्या आकाशात सत्तावीस मिनिटे आधीच लागलेले असते. अक्षांशाचा फरक वेगळा, पण तो इथे किरकोळ. सोलापूरच्या आणि आपल्या आकाशातही पाव तासाचे अंतर आहे. घराघरांत भिंतीवर जे 'कालनिर्णय' टांगलेले असते त्यातला सूर्योदय मुंबईचा. सोलापूरच्या दाते पंचांगात गावोगावच्या फरकाची कोष्टके असतात आणि जाणते गुरुजी ती पाहतातही. पण मुंबईचा कोणी नातेवाईक तिकडूनच मुहूर्त काढून फोनवर सांगतो आणि इकडे तो जशाच्या तसा छापला जातो, तेव्हा पसंत केलेला नवमांश दोन घरे पुढे निघून गेलेला असतो. कोणाचा संसार त्याने बिघडल्याचे ऐकिवात नाही.

वरठीत घड्याळाचे प्रकरण आणखी जुने आहे. गाव वरठी, पण स्टेशनाच्या पाटीवर 'भंडारा रोड', कारण भंडारा शहर मुख्य मार्गापासून दूर राहिले. १८८० च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज इथून टाकली गेली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि ही लाइन तिच्याकडे जाऊन रुंद झाली. त्या काळात रेल्वेची वेळ म्हणजे मद्रासची वेळ. मद्रास आणि वरठी यांच्या रेखांशात अर्ध्याहून थोडेच जास्त अंश अंतर आहे, म्हणजे जेमतेम दोन-तीन मिनिटे. पंचांगातला सूर्य आणि स्टेशनातले घड्याळ यांचे तेव्हा इथे जवळजवळ जमत होते, जे मुंबईला जमत नव्हते. १९०६ पासून ८२.५ अंशांची भारतीय प्रमाणवेळ आली आणि वरठीचे आकाश घड्याळाच्या बारा मिनिटे मागे पडले. घड्याळात बारा वाजले तरी सूर्य डोक्यावर यायला सरासरी आणखी तेवढा वेळ लागतो.

त्याच स्टेशनावर रोज ऐकू येते, "गाडी लागली." या 'लागणे'तच आपल्या शब्दाचे दुसरे आयुष्य आहे. संस्कृत 'लग्न' प्राकृतात 'लग्ग' झाले आणि मराठीत 'लाग' होऊन बसले. त्यातून भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेड लागते, आग लागते, नाद लागतो. लागवड, लागण, लगत ही सगळी त्याच घरची. मूळ शब्द शास्त्रीबुवांच्या पोथीत शुद्ध राहिला तो 'लग्न'; जोडाक्षर जिभेला जड म्हणून पश्चिम महाराष्ट्रात फोडले ते 'लगीन', आपल्याकडे फोडले ते 'लगन'; आणि पूर्ण झिजून रोजच्या वापरातले क्रियापद झाले ते 'लागणे'. म्हणून 'लग्न लागले' हे वाक्य नीट पाहिले तर मजेदार आहे. आजोबा आणि नातू एकाच वाक्यात शेजारी बसले आहेत. त्याचा जुना अर्थही अगदी सरळ: रास क्षितिजाला लागली.

आणि म्हणूनच लग्न 'लागते', त्याला कर्ता लागत नाही. भटजी फार तर ते 'लावतात'. बाप 'करून देतो'. लग्न 'जमते', 'ठरते', 'मोडते', हेही आपोआप. मुलीच्या बाबतीत तर भाषा आणखी हात आखडते: पोरगी तुमसरला 'दिली', भंडाऱ्याला 'पडली'. जुन्या बोलण्यात मुलगी 'उजवली' म्हणत. उजवणे म्हणजे उद्यापन करणे, धरलेले व्रत संपवणे. मुलीचे वाढवणे हे व्रत आणि लग्न त्याची सांगता, असा हिशेब. "मी लग्न करतोय" किंवा "मी लग्न करतेय" हे प्रथमपुरुषी वाक्य आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला उद्धट वाटायचे. आता ते सर्रास ऐकू येते, मुलींच्या तोंडूनही. व्याकरणात झालेला हा बदल मला समाजसुधारणेच्या अनेक ठरावांपेक्षा मोठा वाटतो.

म्हणींनी या शब्दाला कधीच देव्हाऱ्यात बसवले नाही. 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' यात खर्चाचा उसासा आहे. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने', 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग', 'वरातीमागून घोडे' या सगळ्यांत फजितीच फजिती. तानाजीच्या तोंडी असलेले 'आधी लगीन कोंढाण्याचे' हे एकच रांगडे आणि उंच, आणि त्यातही 'लगीन' हे बोलीतले रूपच टिकले. 'आधी विवाह कोंढाण्याचा' असे कोणी म्हणून पाहावे.

शब्दाची खरी कसोटी मात्र वेगळ्याच ठिकाणी लागली. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात ब्राह्मण पुरोहिताशिवाय पहिला विवाह लावला, तेव्हा जोशी गेले आणि त्यांच्याबरोबर मुहूर्ताची मक्तेदारीही गेली. फुल्यांनी मंगलाष्टकेही नवी रचली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांची धम्मदीक्षा झाली. भंडारा जिल्ह्याचे त्यांच्याशी नाते त्याआधीचे. १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक ते इथूनच लढले होते आणि हरले होते. आज इथल्या बौद्ध घरांतली लग्ने त्रिशरण-पंचशीलाने होतात, शुभ्र वस्त्रांत होतात, पत्रिकेवर 'मंगल परिणय' असते. रास, नवमांश, जामित्र यांना तिथे जागा नाही. तरी बोलताना सगळे म्हणतात 'लगन'च. ज्या गोष्टीवरून शब्द निघाला ती ठरवून नाकारली, शब्द तसाच राहिला आणि कोणाला तो खटकलाही नाही. आकाश सोडूनही जगू शकतो हे या शब्दाने तिथे सिद्ध केले.

कायद्याने तर त्याला दारातच घेतले नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा, १९५५ चा हिंदू विवाह कायदा, ग्रामपंचायतीतली 'विवाह नोंदणी' सगळीकडे 'विवाह'. हिंदू विवाह कायदा सप्तपदी असेल तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण झाला असे म्हणतो. तो क्षण पावलाने ठरतो, राशीने नाही. म्हणजे कायदा नकळत पुन्हा हातापायांच्या जुन्या शब्दांकडे गेला.

ज्यांच्याकडे मुहूर्त आहे तिथे तरी काय होते? मुहूर्त ११.३५ चा. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघालेला. डीजेपुढे मित्रांचा घोळका हलायला तयार नाही. मांडवात अक्षता वाटून झालेल्या, लहान पोरांनी त्या एकमेकांच्या डोक्यावर टाकूनही संपवलेल्या. तुमसरच्या बाजूचा हा भाताचा मुलूख, गिरणीतून निघणारी कणी आणि अख्खा तांदूळ यांतला फरक इथे पोरालाही कळतो. अक्षता म्हणजे न तुटलेला दाणा हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दीड वाजता अंतरपाट धरला जातो. तोवर रास केव्हाच बदललेली. गुरुजी शांतपणे मंगलाष्टके म्हणतात, कारण त्यांना शेवटचा संस्कृत श्लोक ठाऊक असतो. तो म्हणतो की विष्णूच्या चरणांचे स्मरण हेच लग्न, तोच चांगला दिवस, तेच ताऱ्यांचे आणि चंद्राचे बळ. म्हणजे मुहूर्त चुकणार हे शास्त्रानेही गृहीत धरले होते आणि सुटकेची वाट विधीतच ठेवली होती. गोरज मुहूर्ताचेही तेच. गुरे घरी परतताना धूळ उडते ती वेळ, चांगले लग्न मिळत नसेल तेव्हा चालणारी. तीच आता इथे पसंतीची झाली आहे, पण गुरांमुळे नव्हे, उन्हामुळे. मे महिन्यात भंडाऱ्यात दुपारी बाराचे लग्न म्हणजे वऱ्हाड्यांची परीक्षाच.

शेजारच्या भाषांत डोकावले तर आपल्या शब्दाचे वेगळेपण कळते. बंगालीत 'लग्न' म्हणजे अजूनही फक्त ती घटिका. ती टळली आणि लग्न झाले नाही तर त्या बिचाऱ्या नवरीला 'लग्नभ्रष्टा' म्हणत. तेलुगूतही 'लग्नम्' म्हणजे प्रामुख्याने मुहूर्त, लग्नाला 'पेळ्ळि'. हिंदीतली 'लगन' मनाची ओढ झाली. गुजराती आणि मराठी या दोघींनी घटिकेचे नाव सरळ संसाराला दिले. वरठीत या सगळ्या भाषा कानावर येतात, कारण सनफ्लॅगचा पोलाद कारखाना १९८० च्या दशकात इथे आला तशी ठिकठिकाणची माणसे आली. एकाच चाळीत एका घरी 'शादी', दुसऱ्या घरी 'ब्याह', तिसऱ्या घरी 'लगन'. पोवारी बोलणाऱ्या घरांत 'बिह्या'. हा शब्दही 'विवाह'च्याच कुळातला.

'वऱ्हाड' या शब्दाने मात्र बाहेरच्यांचा हमखास घोटाळा होतो. भंडारा वऱ्हाडात नाही. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशिम, आम्ही झाडीपट्टीचे. तरी आमच्या प्रत्येक लग्नात वऱ्हाड येते आणि वऱ्हाडी जेवतात. मुलुखाच्या नावाची अबुल फजलने आईन-ए-अकबरीत दिलेली उपपत्ती 'वर्धातट' अशी आहे, वर्धा नदीचा काठ. त्या काठावर कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचे माहेर. तिच्या लग्नावर महदाइसेने तेराव्या शतकात धवळे रचले आणि १५७१ मध्ये एकनाथांनी 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिले. मराठीतले सर्वांत गाजलेले लग्न त्या मुलुखातले, म्हणून लग्नाच्या पाहुण्यांना वऱ्हाड म्हणतात अशी लोकांची समजूत. समजूत गोड आहे. लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधले वऱ्हाड तर मराठवाड्याच्या बोलीत बोलते.

शेवटी लेखनाविषयी. आमच्या बोलीत, म्हणजे झाडीबोलीत, ळ आणि ण नाहीत. वऱ्हाडात हळदीची 'हयद' होते, आमच्याकडे 'हरद'. म्हणून नोंदीत 'हरद', 'आंदन' अशीच रूपे आधी दिली आहेत आणि प्रमाण रूप नंतर. आंदनातल्या भांड्यांची नावे, गुंड, गंगाळ, परात, जरा सविस्तर आहेत, कारण भंडारा पितळेचे गाव आणि ही भांडी इथेच घडली. आंधळगावच्या कोशाच्या कापडाची नोंद 'नवरदेवाचे कपडे' या शब्दाखाली पाहावी. 'लग्न' या शब्दाला स्वतंत्र नोंद दिलेली नाही, 'लगन' पाहावे.